सगळ्यांचा एकदमच खाडा

सात समुद्रांपलीकडच्या एका शहरातली बँक बुडाली आणि कोल्हापुरातल्या शालनवैनींच्या खानावळीत रश्श्यावरचा तवंग नाहीसा झाला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे कोडं संयोगिताला महिनाभर सुटत नव्हतं. बँक काही आईच्या कढईत पडून बुडाली नव्हती. तिथल्या लोकांनी कांदालसणाची चटणी कधी जिभेवर ठेवलेलीही नसणार. मग त्यांचं बुडालं तर आमचं तेल का आटलं?

आईला विचारायची सोय नव्हती. शालनवैनी म्हणजेच तिची आई, आणि आई अलीकडे फार दमलेली असायची. पूर्वी ती कामाने दमायची, तेव्हा पाठ टेकली की घोरायची. आता काम निम्मं झालं होतं आणि दमणं दुप्पट. काही विचारलं की ती नुसतं "हं" म्हणायची. तो "हं" होकाराचाही नसायचा आणि नकाराचाही नसायचा.

ही गोष्ट आहे चंद्रावर खाणी खोदायला माणसं जायला लागली त्या काळातली. फार पुढची नाही. माणूस चंद्रावर पोचला तरी खाली औद्योगिक वसाहतीत दुपारी एकला भूक लागायची ती लागतच होती, आणि तिची सोय खानावळ करत होती. निम्मे मेंबर समोरच्या फौंड्रीतले (लोखंड वितळवून यंत्रांचे भाग ओतणाऱ्या कारखान्यातले), बाकीचे आसपासच्या गल्ल्यांतले. दारामागे खिळे ठोकलेली एक फळी होती. प्रत्येक मेंबराच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला एकेका खिळ्याला टांगलेला. ज्याला त्या दिवशी जेवायचं नाही त्याने सकाळी येऊन आपला बिल्ला पालथा करायचा. ह्याला म्हणायचं खाडा. खाड्याचे पैसे महिन्याच्या रकमेतून वजा. नऊ वाजता आई फळी बघायची आणि जेवढे बिल्ले सुलटे तेवढ्यांचंच पीठ मळायची.

आता फळीवर पालथे बिल्लेच जास्त दिसायचे.

"येत्या आईतवारी मामाचा टेम्पो येणार," आईने त्या शुक्रवारी सांगून टाकलं. "भांडी भरायची आणि मिरजेला जायचं. मी मामाच्या दुकानात बसंन. तुझी शाळा तिकडंच."

"आणि खानावळ?"

"हं," आई म्हणाली.

संयोगिता ओसरीवर जाऊन बसली. तिथे पैलवान उन्हात बसला होता. पैलवान म्हणजे यंत्रमानव. फौंड्रीत भलेथोरले साचे एका हाताने उचलायचा, म्हणून कामगारांनी ठेवलेलं हे नाव. फौंड्री बंद पडून तिची वीज तुटली तेव्हा कामगारांनीच त्याला ढकलत खानावळीत आणलं, कारण खानावळीच्या छपरावर सौरपट्ट्या (उन्हापासून वीज करणाऱ्या) होत्या. त्याची बॅटरी म्हातारी झाली होती. दोनचार वाक्यं बोलला की तो दम खायचा. पण ओतलेला माल कुठल्या देशात जायचा, हे त्याला कळावं लागे, म्हणून जगभरच्या बाजारांच्या बातम्या रोज सकाळी त्याच्या डोक्यात येऊन पडत. फौंड्री बंद पडली तरी बातम्या पडायच्या थांबल्या नव्हत्या.

"पैलवान, ती बँक बुडाली कशी?"

"चंद्रावरच्या खाणींपायी," पैलवान म्हणाला. कामगारांत राहून त्याच्या बुकातल्या मराठीला थोडी गावची हवा लागली होती. "तिथे सोन्याहून महाग धातू सापडणार, अशी आवई उठली. लोकांनी कर्ज काढून खाणींत पैसा घातला. बँकांनी मागेल त्याला कर्ज दिलं. आणि निघाली काय? धूळ. आता कर्ज फेडणार कोण?"

"मग ज्यांनी दिलं त्यांचं बुडालं. बाकीच्या बँकांचं काय?"

पैलवानाने दम खाल्ला. "मूठभर शेंगदाण्यांत दोनच खवट आहेत, पण कुठले ते तुला माहीत नाही. खाशील?"

"नाही. सगळेच टाकीन."

"तेच झालं. कुठल्या बँकेकडे बुडीत कर्ज आहे ते कुणालाच कळेना, म्हणून कुणी कुणालाच पैसा देईना. ह्याला म्हणतात पत आटणं. पत म्हणजे, घेतलेलं हा परत देईल हा भरवसा. तिकडचा शेतकरी ट्रॅक्टर कर्जाने घेतो. कर्ज नाही, तर ट्रॅक्टर नाही. ट्रॅक्टर नाही, तर आपण ओतलेली त्याची चाकं कुणाला हवीत?"

संयोगिताला आण्णाप्पाकाका आठवले. फौंड्रीत साचे करणारे आण्णाप्पा महिनाभर पारावर नुसते बसून होते. त्यांचं काम कुठे गेलं ते तिला आत्ता कळलं. पण कोडं अर्धंच सुटलं होतं.

"लोकांकडे पैसा नाही, तर तेल स्वस्त व्हायला पाहिजे की! ते का महागलं?"

"घाबरल्यावर तू काय करतेस?"

"घरी पळते."

"पैसाही घरी पळाला. परदेशी लोकांनी आपल्याकडे गुंतवलेला पैसा काढून घेतला. जाताना त्यांना रुपये नको होते, डॉलर पाहिजे होते. सगळेच डॉलर मागायला लागले, तसा डॉलर महाग झाला आणि रुपया उतरला. आणि आपण खायचं तेल पुष्कळसं बाहेरून आणतो, डॉलर मोजून. त्यांनी भाव वाढवला नाही तरी आपल्याला ते महागच पडणार."

"पण आई शेंगतेल वापरते. ते तर इथलंच."

"बाहेरचं तेल महागलं की सगळे इथल्या तेलावर तुटून पडतात. मग तेही चढतं." पैलवानाने पुन्हा दम खाल्ला. "काम कमी आणि महागाई जास्त. दोन्हीकडून मार."

संयोगिताला वाईट वाटलं आणि रागही आला. म्हणजे करून गेला गाव आणि आमचं नाव! "आपली काहीच चूक नाही तर."

"तसं दिसतं. एक गोष्ट मात्र मला उमगलेली नाही. फौंड्रीतले निम्मे मेंबर. त्यांचा पगार थांबला, त्यांनी खाडा केला, ते समजलं. बाकीच्या निम्म्यांनी का केला? रमजान तर वेल्डर आहे. त्याचं गिऱ्हाईक गल्लीतलं."

"का केला?"

"माझ्याकडे सात समुद्रांपलीकडच्या बातम्या येतात. पलीकडच्या गल्लीतल्या येत नाहीत. तू जाऊन विचार."

रमजानचाचा आपल्या शेडमध्ये हातावर हात ठेवून बसले होते. खाड्याचं विचारल्यावर ते ओशाळले. "काम न्हाई बघ, बाळ. लोक मोडकं तसंच वापराय लागल्यात. हौसाक्काच्या भाजीच्या हातगाडीचं चाक निखळून महिना झाला, पर ती दुरुस्तीला टाकंना. आन् म्हटलं, वैनीला तेल परवडंना झालंय. आपण दोन घास घरीच चटणीभाकरी खाल्ली तर तिचंबी वझं तेवढंच हलकं." त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण उपकार करतोय.

भाजीवाली हौसाक्का डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. "चाक कशातनं बसवू, बाई? तुझी आई चार किलो वांगी घ्यायची, आता एकावर आली. माझं मोठं गिऱ्हाईक तीच की."

संयोगिता गल्लीच्या मधोमध थबकली. आईने वांगी कमी केली, कारण रमजानचाचा जेवायला येत नव्हते. ते येत नव्हते, कारण हौसाक्काने चाक दुरुस्तीला टाकलं नव्हतं. हौसाक्काने टाकलं नव्हतं, कारण आईने वांगी कमी केली होती! ह्यात सातासमुद्रापलीकडचं कुणीच नव्हतं. तिघांनीही शहाणपणाच केला होता, आणि त्या शहाणपणानेच तिघं खड्ड्यात गेले होते.

ती धावत येऊन पैलवानाला सांगू लागली, तेव्हा त्याचे दिवे जरा उजळले. "ह्याला म्हणतात मंदी. सगळे एकाच वेळी हात आखडता घेतात आणि सगळ्यांचंच काम आटतं. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई असते, पोरी. एकट्याने काटकसर केली तर तो तरतो. सगळ्यांनी एकदम केली तर सगळे बुडतात. धक्का बाहेरून आला खरा, पण भीतीने तो वाढवला तो इथेच."

"मग एकाने सुरुवात केली तर?"

"तो एकटाच भरडला जाईल. सगळ्यांनी एकदम करायला हवी." एवढं बोलून तो थकून मिटला.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. आई उठायच्या आत संयोगिताने फळीवरचे सगळे बिल्ले सुलटे केले.

नऊ वाजता आई फळीसमोर कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिने मोठी परात काढली. "हौसाक्काकडनं चार किलो वांगी आण," ती म्हणाली. संयोगिताने पिशवी उचलली. आता माघार नव्हती.

चार किलो म्हटल्यावर हौसाक्का आधी हसली आणि मग डोळे पुसू लागली. "वैनीचं सुरू झालं म्हणायचं! मग मला गाडी लागंलच." संयोगिताबरोबर आलेल्या पैलवानाने हौसाक्काची मोडकी गाडी डोक्यावर घेतली आणि रमजानचाचांच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. तेवढ्यात त्याची सगळी वीज संपली, आणि तो तिथेच बसला. पुढे संयोगिता एकटीच दारोदार फिरली. वांगी, चाक आणि खाडा ह्यांची साखळी प्रत्येकाला सांगताना तिचा घसा बसला. "एकट्याने येऊन उपयोग नाही," ती म्हणायची. "आज सगळ्यांनी या."

"आन् न्हाई आलं सगळं तर?" आण्णाप्पांनी पारावरूनच विचारलं.

ती पुढच्या दाराकडे वळली.

एक वाजला. पानं मांडून झाली होती. दारात कुणीच नव्हतं. आई पातेल्याशी बसली होती, आणि तिला काय ते कळून चुकलं होतं.

"बिल्लं तू फिरवलंस?"

"हो."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "डबा निथळून तेल घातलं गं मी. उद्याला काहीसुदिक ठेवलं न्हाई." संयोगिताला रडू फुटलं. आपण आईला शेवटच्या खड्ड्यात ढकललं, असंच तिला वाटलं.

आणि गल्लीत खडखडाट झाला. रमजानचाचा आणि हौसाक्का नव्या चाकाची गाडी ढकलत येत होते, आणि गाडीवर सत्कारमूर्तीसारखा पैलवान बसला होता. "ह्याला उन्हात ठेवा आधी," रमजानचाचा म्हणाले, "आन् मला वाढा. मजुरी घिऊन आलोय." त्यांच्या मागून शिवणकामवाले आले, मग सायकल दुकानवाले, मग फौंड्रीतले काही. जो तो आत डोकावून दुसरे आलेत का बघत होता आणि मगच चपला काढत होता. सगळे आले नाहीत. काहीजण तर केव्हाच गाव सोडून गेले होते.

आण्णाप्पा दारातच घुटमळले. "वैनी, माझ्याकडं आत्ता द्यायला..."

"चपला काढा आणि बसा," आई म्हणाली. "भाकरी गार व्हायला लागलीय."

आण्णाप्पा खाली मान घालून बसले आणि जेवले. रमजानचाचा त्यांना म्हणाले, "उद्या शेडात या. दोन कामं आल्यात. माझ्या एकट्याच्यानं उरकायची न्हाईत."

पंगती उठल्यावर संयोगिता पैलवानाशेजारी जाऊन बसली. "आता फौंड्री सुरू होईल?"

"नाही," तो म्हणाला. तो खोटं बोलायला कधी शिकलेला नव्हता. "ती इथल्या वांग्यांनी सुरू होत नाही. त्यासाठी देशादेशांना हेच करावं लागतं. सगळ्यांनी मिळून, एकदम. सरकारं रस्ते, पूल, शाळा बांधायला काढतात, म्हणजे कुणाच्या तरी हाताला पहिलं काम मिळतं आणि तिथून चक्र फिरतं. पूर्वीही असं झालंय. वेळ लागतो, पण होतं."

"पण त्यांच्या दारोदार फिरून सांगतं कोण?"

"सांगणारे कमी पडतात," पैलवान म्हणाला.

संयोगिताने मनातल्या मनात आपलं वय मोजलं. अजून पुष्कळ वर्षं होती. "मी येईपर्यंत त्यांना जरा दम धरायला सांग," ती म्हणाली.

आत आई फोनवर बोलत होती. आवाज दमलेलाच होता. "दादा, उद्याच्याला टेम्पो नको धाडूस... न्हाई रे, चांगलं असं काय झालं न्हाई. ह्या महिन्याचं तेवढं बघते. फुडचं फुडं." फोन ठेवून ती थोडा वेळ भिंतीला टेकून बसली. मग तिने हाक मारली, "संयू, हौसाक्काला सांगून ये. उद्या वांगी आजच्याएवढीच. आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्या."