मफलरवाले सल्लागार

लिफ्टचं दार बंद होता होता मी आत घुसले, तिथे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला आधी धक्का दिला आणि मग वर हुकूम सोडला.

"तळमजला दाबा. आणि तो मफलर द्या इकडे."

"मफलर...?"

"हो, गळ्यातला. लवकर!"

त्याने निमूटपणे मफलर काढून दिला. मी तो हातातल्या खोक्याभोवती घट्ट गुंडाळला आणि खोकं पुन्हा छातीशी धरलं. आमच्या प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर सकाळी सकाळीच बंद पडला होता. बाहेर हाडं गोठतील अशी थंडी होती, आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीतला इन्क्युबेटर गाठेपर्यंत खोक्यातल्या डिशेस गार होऊन चालणार नव्हतं.

"आत काय आहे... विचारलं तर चालेल?"

"पेशी. म्हाताऱ्या."

"मग मफलर योग्य ठिकाणी गेला," तो म्हणाला.

मला हसू आलं, पण हसले असते तर खोकं हललं असतं. त्याने दारं उघडून धरली, हात वर करून दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या, मला पलीकडे पोचवलं आणि घड्याळ बघून धूम पळाला. मफलर माझ्याकडेच राहिला.

दुपारी माझी सल्लागारांशी पहिली भेट होती. आमचा निधी म्हातारपणावर आणि मूळपेशींवर काम करणाऱ्या नवख्यांना पैसा देतो, सोबत एक सल्लागारही देतो. रीत अशी, की ज्याने स्वतः कधीकाळी हा निधी घेतला, त्याने पुढे एका नवख्याला हात द्यायचा. मी आपली पांढऱ्या केसांचे एखादे आजोबा डोळ्यांपुढे धरून गेले. दार उघडलं तर उघड्या गळ्याने शिंका देत बसलेला... तोच!

"तुम्ही माझे—"

"सल्लागार," त्याने नाक पुसलं. "पेशी कशा आहेत?"

स्वतःच्या मफलरबद्दल चकार शब्द नाही. आधी पेशी. तिथेच माझं थोडंसं पाणी झालं, कबूल करते.

पण भांडणंही तिथूनच सुरू झाली. आपल्या स्नायूंमध्ये मूळपेशी झोपलेल्या असतात. दुखापत झाली की उठतात, डागडुजी करतात, परत झोपतात. म्हातारपणी त्या उठेनाशा होतात. त्या मेल्यातच असं बरेच जण म्हणत. माझं म्हणणं, जिवंत आहेत. फक्त हाक, म्हणजे उठवणारा रासायनिक इशारा, त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

"तरुण पेशी घ्या," तो म्हणायचा. "पटकन उत्तर मिळेल. निधी देणाऱ्या आमच्या समितीला उत्तरं आवडतात."

"म्हाताऱ्यांच्या दुखण्यावर काम करायचं आणि म्हाताऱ्यांनाच टाळायचं?"

"तुम्ही ना... हट्टी आहात."

"सल्लागारावर गेले असेन."

पेशींना रविवार नसतो. त्यांना रोज नवं पाणी, नवं अन्न लागतं. त्यामुळे रविवारी सकाळीही मी प्रयोगशाळेत असायचे. भेट महिन्यातून एकदा ठरलेली. हा मात्र दर रविवारी "इकडूनच चाललो होतो" म्हणत यायचा. त्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी त्याला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवायचे, हात मांडीवर ठेवायला सांगायचे आणि उघड्या डिशवर बोललात तर बाहेर काढीन अशी तंबी द्यायचे. तो खरंच गप्प बसायचा. मग माझंच लक्ष उडायचं.

"रविवारी जरा बरा ड्रेस घालून जायला लागलीस," आत्या म्हणाली. मी तिच्याकडेच राहते, तिच्यापासून काही लपत नाही. "पेशींना रंग कळतात वाटतं?"

"आत्या!"

"मी काय म्हटलं? पेशींचंच विचारलं."

तोवर सगळेजण दोन-तीन दिवस वाट बघून अशा पेशी फेकून द्यायचे. मी फेकल्या नाहीत. पाणी बदलत राहिले, हाक देत राहिले. एका रविवारी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

"या... इकडे या."

तो वाकला. त्याने भिंगाचं चाक दोनदा फिरवून पाहिलं.

"एकीच्या दोन झाल्यात," शेवटी तो हळूच म्हणाला. "म्हातारीच्या. आणि माझं ऐकलं असतंत तर हे दिसलंच नसतं."

"म्हणजे सल्लागार वाईट."

"फार वाईट."

त्याचा चेहरा अगदी जवळ होता. चष्म्यावर माझ्या श्वासाची वाफ धरली होती. तो बाजूला झाला नाही... मीही नाही. तेवढ्यात टायमर किंचाळला आणि आम्ही दोघं एकदमच "सॉरी" म्हणालो. बस, एवढंच. पुढचे कितीतरी रविवार ते सॉरी आमच्या मध्ये बसून होतं.

वर्ष संपलं. दुसऱ्या वर्षाचा निधी द्यायचा की नाही हे समिती ठरवणार होती. नाही म्हणाली, तर डिशेस कचऱ्यात आणि मी कुठल्यातरी रक्ततपासणीच्या दुकानात. पुरावे थोडे होते. त्या पेशी जाग्या होताना समितीतल्या एकानेच डोळ्यांनी पाहिलं होतं. माझी सगळी भिस्त त्याच्यावर.

मी उभी राहिले. अध्यक्षबाईंनी नेहमीचं वाक्य नेहमीच्या सुरात म्हटलं. "अर्जदाराशी कुणाचं नातं किंवा जवळीक असेल, तर त्यांनी आत्ताच बाहेर जावं."

असं कधी कुणी जात नसतं. सगळे कागद चाळत होते. तेवढ्यात एक खुर्ची सरकली.

तो उठला होता.

"पाणी हवंय का?" बाईंनी विचारलं. "इथेच आहे."

"पाणी नको, बाई. तुम्ही आत्ता नियम सांगितलात ना... त्यासाठी."

त्याचे कान लालबुंद झाले होते. दाराशी जाऊन त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गेला. आता साऱ्या नजरा माझ्यावर! मला त्याचा गळा धरावासा वाटत होता, आणि... गळ्यात पडावंसंही वाटत होतं.

"तुम्हाला हे माहीत होतं?" बाईंनी चष्मा सावरला.

"नाही हो. मलाही आत्ताच कळलं."

सगळी खोली हसली. बाईसुद्धा. "बरं. आता पेशींचं सांगा."

मी सांगितलं. "मेलेल्याच पेशी या," म्हणणाऱ्या गृहस्थांना फोटो दाखवले. वाचवायला कुणी नव्हतं, म्हणून असेल, आवाज एकदाही कापला नाही.

बाहेर तो बाकावर बसला होता, ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसतात तसा.

"काय झालं?"

"मिळालं. पण सल्लागार नवा देणार आहेत."

त्याने डोळे मिटून सुस्कारा सोडला. मी शेजारी धपकन बसले.

"वेडा आहेस का तू? ऐन वेळी सोडून गेलास! आणि असं सगळ्यांसमोर? आधी मला सांगता येत नव्हतं?"

"आधी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, याचं मत हवं असेल तर याला हो म्हणावं लागेल. ते नको होतं."

"आणि मी नाहीच म्हणाले असते तर? उगाच उठलास ना मग?"

"उगाच कसं? माझ्या बाजूने तर जवळीक होतीच," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तेवढं पुरतं बाहेर जायला."

मी त्याचा हात हातात घेतला.

"माझ्याही बाजूने आहे," मी म्हणाले. "आवडतोस तू मला. फार."

दार उघडून अध्यक्षबाई डोकावल्या. "अहो, पुढच्या अर्जदाराला तरी आत या. की तोही तुमचा कुणी लागतो?"

"आलोच, बाई."

बाई हसत आत गेल्या.

"जा ना," मी म्हणाले.

"जातो. हात सोड."

मी सोडला नाही.