अजून एक फेरी

टायरच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून धाकटा मैदानाकडे निघाला, तेव्हा त्याच्या डोक्यात एकच काम होतं. दादाचं कपाट रिकामं करायचं. क्लबमधून निरोप आला होता, ड्रेसिंग रूममधलं ते कपाट आता नव्या खेळाडूला द्यायचंय, सामान घेऊन जा. आईनं कापडी पिशवी हातात दिली आणि म्हणाली, मोजे असतील तर धुवायला आण. गेलेल्या माणसाचे मोजे धुऊन काय करणार, असं धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. आईच्या तोंडाकडे बघून त्यानं ते गिळलं.

दादाला जाऊन महिनाही झाला नव्हता. जेवून खुर्चीत बसला, सुजलेले पाय स्टुलावर टाकले, जरा पडतो म्हणाला, आणि पडूनच राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. ते ऐकून धाकट्याला रडू यायच्या जागी हसू फुटलं होतं. साऱ्या गावानं ज्याला 'घोडा' म्हणून डोक्यावर घेतलं, 'घोडा दमत नाही' म्हणत ज्याच्या नावानं घसे बसवून घेतले, तो म्हणे थकला होता.

थकेल नाही तर काय. सामना संपला की लोक घरी जात नसत. खेळाडू ज्यातून मैदानात येत त्या बोगद्याच्या तोंडाकडे बघत बसून राहत आणि ओरडत, 'अजून! अजून एक!' मग दादा पुन्हा बाहेर येई आणि मैदानाच्या कडेनं एक फेरी मारी. ज्यांच्यासमोरून तो जाई ते उठून टाळ्या वाजवत, तो पुढे सरकला की खाली बसत. जिंकले तरी फेरी, हरले तरी फेरी. खेळणं सोडलं तरी सुटका नव्हती. साधा सामना बघायला आलेल्या माणसाला जागेवरून उठवत. त्यासाठीच तर क्लबनं त्याचं कपाट आणि बूट तसेच ठेवले होते. गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून बसलेला दादा हाक आली की पिशव्या सोडी. प्रेमाची माणसं आहेत रे, एवढंच म्हणे. धाकट्याचं मत वेगळं होतं. त्या प्रेमानंच दादाचं पोतेरं केलं होतं.

आणि आज त्याच माणसांनी दादाच्या आठवणीत सामना ठेवला होता. धाकट्याला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. तो मागच्या दारानं आत शिरला.

आतल्या लांबट वाटेला खिडकी नव्हती. भिंती गारठलेल्या, वर एकच दिवा, आणि त्या जागेत मुरलेला मलमाचा वास. गुडघ्यांना चोळायच्या त्या तिखट मलमाचा. घरी तो वास आता विरत चालला होता. इथे मात्र नुकतीच डबी उघडल्यासारखा ताजा होता.

खेळाडूंचे कपडे आणि बूट सांभाळणारे किटवाले काका खोलीच्या बाहेर, उलट्या बादलीवर बसले होते. आत एवढी बाकं असताना इथे का बसलात, असं धाकट्यानं विचारलं, तर त्यांनी किल्ली पुढे केली आणि दुसरीकडे बघितलं.

कपाटात फार काही नव्हतं. बूट, टॉवेल, दात तुटलेला कंगवा. मोज्यांची जोडी आतल्या खुंटीवर टांगली होती. धाकट्यानं ती ओढून काढली आणि तो थबकला. मोजे घामानं ओले होते. हाताला ऊब लागत होती.

"काका, हे कुणी घातले होते?"

कुणीच नाही, अशी काकांनी मान हलवली. मग जवळ येऊन, जणू आत कुणी झोपलंय आणि त्याला जाग येईल अशा आवाजात ते सांगू लागले. दादा गेल्यापासून मैदानावर जेवढे सामने झाले, त्या प्रत्येक सामन्यानंतर लोकांनी हाक दिली होती. सवयीनं म्हण, मायेनं म्हण. समोर कुणी येणार नाही हे ठाऊक असून पोटभर ओरडायचे, डोळे पुसायचे आणि घरी जायचे. त्यांचं मन हलकं व्हायचं.

"पण इथे आत... तो उठतो," काका म्हणाले. "बाक कुरकुरतं. उठताना 'आई गं' म्हणतो, हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं. मग बुटांचे खिळे वाजतात... या दारापर्यंत, मग बोगद्यापर्यंत. परत येतो तेव्हा एक पाय ओढत येतो."

एरवी असं कुणी बोललं असतं तर धाकट्यानं त्याची गचांडी धरली असती. पण हातात ते मोजे होते.

"तुम्ही त्याला काही म्हणाला नाहीत?"

"म्हटलं की. बस बाबा, झालं तुझं. पण मी पडलो बाहेरचा." काकांनी तोंडावरून हात फिरवला. "घरच्या माणसानं सांगायला पाहिजे, पोरा. नाहीतर हे लोक त्याला असंच पळवत राहणार. मेल्यावर तरी त्याला पाठ टेकू दे."

घरचा शब्द कोणता, ते धाकट्याला ठाऊक होतं. लहानपणी दोघं गल्लीत अंधार पडेपर्यंत खेळत. शेजारी ओरडोत, मास्तर ओरडोत, दादा कुणाला जुमानत नसे. पण खिडकीतून आईचा एक शब्द आला, 'पुरे', की चेंडू असेल तिथे सोडून दादा घरात. त्या शब्दापुढे त्यानं कधी एक पाऊल टाकलं नव्हतं. तेवढा एक शब्द दादाला सांगायचा आणि त्याला मोकळं करायचं. धाकट्यानं पिशवी बाकावर भिरकावली आणि तो तरातरा स्टँडकडे निघाला. आधी या लोकांना धरायचं होतं.

लोक भांडायच्या रंगात नव्हतेच. सलूनवाला आणि भोंगेवाला, दादाचे सगळ्यात जुने चाहते, पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून बसले होते. भोंगेवाल्याचा भोंगा वाजला की सगळं मैदान ओरडायचं, अशी रीत होती. आज त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. दोघं एका जुन्या सामन्याबद्दल बोलत होते. चिखलात दादाचा बूट निसटला, बूट गोलात गेला आणि चेंडू बाहेर.

"आणि रेफरीनं गोल दिला," सलूनवाला म्हणाला.

"दिला नव्हता. तू दिला होतास, वरून ओरडून."

"मग! रेफरीचे केस मीच कापायचो. त्याला कळत होतं, वस्तरा कुणाच्या हातात आहे."

भांडायला आलेल्या धाकट्याला हसू आलं आणि त्या हसण्यातच त्याचा बांध फुटला. दोघांनी त्याला मध्ये बसवून घेतलं. कुणीतरी चहा दिला. एक घोट घेऊन धाकटा म्हणाला, आज हाक मारू नका. तो दमलाय. त्याला राहू द्या.

भोंगेवाल्यानं काही न विचारता भोंगा पायाशी ठेवून दिला. सलूनवाला मात्र त्याच्याकडे मायेनं बघत राहिला.

"अरे, ती हाक आमची कुठाय? तुझी आहे."

धाकट्याला कळेना.

"विसरलास? एवढासा होतास, अनवाणी, त्या कठड्यावर बसायचास. सामना संपला होता, आम्ही उठलो होतो. तू जागचा हलेनास. 'अजून एक, दादा, अजून एक' असा टाहो फोडलास, की तो बिचारा आतून परत आला आणि तुझ्यासाठी पळाला. काय गोड दिसलं ते. पुढच्या खेपेला आम्हीही तुझ्या सुरात सूर मिसळला. तेव्हापासून हे चालू."

त्याला बरं वाटावं म्हणून सलूनवाल्यानं हे सांगितलं होतं. धाकट्याच्या हातातला चहा निवून गेला. त्याला यातलं काही आठवत नव्हतं. सामना संपल्यावर माईक मला द्या, एवढंच तो म्हणाला. मीच सांगतो.

सामना कोण जिंकलं, हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. संध्याकाळ उतरली तसं मैदानावर धुकं आलं आणि दिव्यांचा उजेड दुधाळ होऊन वरच अडकून राहिला. धाकटा माईक घेऊन बोगद्याच्या तोंडाशी उभा होता. त्याची पाठ बोगद्याकडे होती. भोंगेवाल्यानं शब्द पाळला, भोंगा वाजला नाही. लोक उठू लागले. आता हे असेच घरी जातील असं वाटलं, तोच वरच्या कोपऱ्यातून कुणाचा तरी थकलेला आवाज आला.

"अजून..."

मग दुसरा. मग सगळेच. ओरडणं नव्हतं ते. दिवसभराच्या श्रमांनी मोडलेला माणूस उसासा टाकतो तसा एकाच वेळी शेकडो माणसांचा उसासा होता. अजून. अजून एक.

धाकट्याच्या मागे, आत खोल, बाक कुरकुरलं.

मग खिळे वाजू लागले. सिमेंटवर एक ठोका, मग घासल्याचा आवाज. पुन्हा ठोका... पुन्हा घासणं. मलमाचा वास त्याच्या मानेपाशी आला. त्याच्या खांद्याला गार ओल चाटून गेली आणि पुढचं गवत दबलं.

समोरच्या रांगेतले लोक उठून टाळ्या वाजवू लागले. का उठले हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांच्या नजरा बोगद्यावरच होत्या. ते बसले आणि शेजारचे उठले. मग त्यांच्या शेजारचे. टाळ्या धुक्यातून मैदानाच्या कडेकडेनं सरकत निघाल्या. पूर्वी त्या वाऱ्यासारख्या धावत. आज रांगत होत्या. पलीकडच्या कोपऱ्यात त्या थांबल्या. तिथले लोक टाळ्या वाजवत उभेच राहिले, उभेच राहिले... कुणीतरी तिथे गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होतं. मग त्या पुन्हा सरकल्या.

फेरी पुरी करून टाळ्या धाकट्यासमोर आल्या आणि विझल्या.

सगळं मैदान गप्प झालं. त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर कुणीतरी धापा टाकत होतं. त्या श्वासाची वाफ त्याला दिसली. दिसत दुसरं काहीच नव्हतं, पण लहानपणी एका अंथरुणात झोपताना ऐकलेला तो श्वास त्यानं हजारात ओळखला असता. एक शब्द. माईक ओठांशी होता. 'प' म्हणायला ओठ मिटलेसुद्धा. आणि तेव्हा त्याला कळलं, की हा शब्द उच्चारला की हा श्वास संपला. मग घरी ती रिकामी खुर्ची, तो विरत चाललेला वास, आणि पुढे आयुष्यभर काहीच नाही.

"अजून एक," माईक खाली करून धाकटा पुटपुटला. "दादा... अजून एकच."

समोरची वाफ क्षणभर थांबली.

"आई गं," कुणीतरी हळूच म्हणालं. आणि टाळ्या पुन्हा सरकू लागल्या.

लोक कधी गेले ते त्याला समजलं नाही. दिवे मालवून काका आले आणि त्यांनी विचारलं, सांगितलंस ना? धाकटा हो म्हणाला. काकांच्या चेहऱ्यावर एवढी निवांत सुटका दिसली, की खरं सांगायला त्याची जीभ वळली नाही. काका त्या रात्री म्हणे कित्येक दिवसांनी गाढ झोपले.

सकाळी टायरचं दुकान उघडत असताना काका दारात उभे राहिले. चल, एवढंच म्हणाले.

मैदान रिकामं होतं. गवत दवानं पांढरं झालं होतं. फक्त कडेनं, सगळ्या मैदानाभोवती, एक पट्टा काळा पडला होता. गवत मुळासकट निघून खालची माती उघडी पडली होती. वर्षानुवर्षं गुरं जाऊन पडावी तशी वाट, आणि काल दुपारी ती नव्हती.

"लोक काल संध्याकाळीच गेले," काका म्हणाले. "रात्रभर इथे कुणी हाक मारली नाही. मग हा कुणासाठी पळतोय?"

दूरच्या कोपऱ्यात कबुतरं दाणे टिपत होती. त्यातली काही उडाली आणि मागे जाऊन बसली. मग त्यांच्या पुढची उडाली. मग त्यांच्या पुढची. हळूहळू, कडेकडेनं, त्या दोघांच्या दिशेनं.

"पुरे," धाकटा म्हणाला. मग मोठ्यानं, "दादा, पुरे. पुरे रे, घरी चल." त्याचा आवाज फाटला. मलमाचा वास आला, धाप जवळ आली, त्याच्या अंगावरून गेली आणि थांबली नाही.

काका वाटेच्या कडेला उकिडवे बसले होते. ते बोटानं मातीत काहीतरी दाखवत होते. धाकटा वाकला. बुटांच्या खिळ्यांच्या खुणा होत्या, एक पाय ओढल्याची रेघ होती, अजून ओली. आणि त्यांच्या पुढे, सगळ्या वाटेभर, दुसरी पावलं होती. अनवाणी, लहान पोराची, त्याच्या तळहाताएवढी. ती पळणाऱ्याच्या पुढे होती, पण त्यांचे चवडे पळणाऱ्याकडे वळलेले होते. कुणाला तरी हात करून बोलावत, त्याच्या तोंडाकडे बघत, एखादं पोर उलटं चालत जातं, तशी.