ओढ्यावरचा उतार

पळसदेवच्या जुन्या देवळापर्यंत पायी जायची वाट शोधायची आणि तिच्यावर खुणा करायच्या, एवढ्याचसाठी उत्कर्षा आणि सुयश मे महिन्यातल्या त्या सकाळी उजनीच्या काठावरून खाली उतरले. पाठीवर पाण्याच्या बाटल्या, फडक्यात बांधलेली भाकरी नि ठेचा, लाल आणि पांढऱ्या रंगाचे डबे, आणि खांद्यावर कळकाच्या काठ्यांची मोळी.

या खटाटोपाचं कारण काठावरच्या बाभळीखाली बसलं होतं. हिंदुराव आबा, उत्कर्षाचे चुलत आजोबा. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते ऐन विशीत होते. जुनं गाव बुडालं, माणसं वर काठावर राहायला आली. पुढे उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देऊळ उघडं पडायचं आणि लांबलांबची माणसं नावेत बसून ते बघायला जायची. आबा मात्र कधीच गेले नाहीत. मासेमारी करणारा गंगाराम दर उन्हाळ्यात म्हणायचा, "आबा, बसा की नावंत. देऊळ दाखवून आणतो." आणि आबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मी काय पावना हाय व्हय? नावंनं पावनं जात्यात. आपल्या गावात मानसानं पायानं जावं."

यंदा पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं होतं. पण आबांचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. "पुढच्या साली पानी हटंल, पर पाय ऱ्हात्याल का न्हाय, काय सांगावं," असं ते सहज बोलून गेले आणि ते उत्कर्षाच्या जिव्हारी लागलं. आबांना यंदाच चालत गावात न्यायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. आधी वाट बघून यायची, मग आबांना घेऊन जायचं.

खुणांची कल्पना सुयशची. हा तिचा इंदापूरचा वर्गमित्र इटलीत शिकून आला होता आणि येताना "आमच्या तिकडं" एवढे दोन शब्द सोबत घेऊन आला होता. तिकडं तो डोंगरातल्या एका एवढ्याशा गावात राहायचा. मूठभर घरं, एक चर्च, खाली तळं. तरी म्हणे माणसं तिथे चालायला, सायकली हाणायला, होडी वल्हवायला झुंडीने येतात, आणि प्रत्येक पायवाटेवर दगडांना लाल-पांढरा पट्टा ओढलेला असतो. "आमच्या तिकडं कुणी वाट चुकतच नाही," सुयश म्हणाला.

"हितं चुकलास तर मी हाय," उत्कर्षा म्हणाली आणि चालू लागली.

सुरुवात तर झकासच झाली! वाळलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या आणि पायाखाली खापऱ्या मोडल्यासारखा आवाज होत होता. दोन्ही बाजूंना उथळ डबकी, त्यांत चिलापी माशांच्या पिल्लांची चुळबुळ, आणि त्या पिल्लांवर नजर ठेवून एका पायावर उभे असलेले चित्रबलाक. पुढे गेल्यावर जुन्या विहिरीचा काठ लागला. मोटेचं पाणी जिथे पडायचं ते दगडी थारोळं तसंच शाबूत होतं आणि मोटेच्या दोरांनी दगडाला पाडलेल्या खाचा अजून हाताला लागत होत्या. उत्कर्षाने त्या खाचांत बोटं घातली. इतकी वर्षं पाण्याखाली राहून दगड काही विसरला नव्हता, आणि तिला एकदम भरून आलं. तेवढ्यात समोरच्या उथळ पाण्यातून रोहित पक्ष्यांचा थवा उठला. पंखांखालचा गुलाबी रंग उन्हात असा काही उजळला की सुयश तोंड उघडं टाकून बघतच राहिला.

"काय रे, तुमच्या तिकडं हाय का असलं?"

"न्हाय बाई," सुयश प्रामाणिकपणे म्हणाला. "असलं न्हाय."

फोटो काढता काढता उत्कर्षाच्या फोनने मान टाकली. राहिला सुयशचा फोन. त्यावर आबा काठावरून वाट सांगत होते. विहिरीपाशी एक पट्टा ओढून झाला आणि दोघं ओढ्याच्या अंगाला निघाले. ओढ्यापलीकडे चढावर मोडक्या भिंती होत्या आणि त्यांच्यामागे काळ्या दगडाचं देऊळ, शिखरासकट, थेट उघडं! आता पोचलोच, असं दोघांनाही वाटलं.

"आबा, ओढा आला. आता कुनीकडं?" सुयशने विचारलं.

"वढ्यावर उतार हाय बघ," फोनमधून आबांचा आवाज खरखरला. "सरळ उतारानं जावा."

दोघांनी बघितलं. डाव्या हाताला जमीन हळूहळू खाली उतरत पाण्याला भिडत होती. गुळगुळीत, मऊ, चकचकीत. असा छान उतार दुसरीकडे कुठेच नव्हता! सुयश पुढे झाला. चार पावलं गेला आणि पाचव्याला पाय आत गेला. हसत हसत त्याने दुसरा पाय रोवला. तोही गेला!

"उत्कर्षा!"

गुडघे बुडाले. मांड्या बुडाल्या. तो जितका झटत होता तितका गाळ त्याला ओढत होता. हातातला फोन उडाला, गाळावर आपटला आणि दिसेनासा झाला.

"हलू नकोस! अजिबात हलू नकोस!" उत्कर्षा ओरडली. तिने काठ्यांची मोळी सोडली, काठ्या गाळावर आडव्या पसरल्या आणि त्यांच्यावर पोटावर झोपली. इंच इंच पुढे सरकली. "मागं रेल! पाठीवर पड! घाबरू नको, पड!"

सुयश मागे रेलला. तिने एक लांब काठी त्याच्या हातात दिली. तिने ओढलं. त्याने पाय हलवले. गाळाने एक पाय सोडला. पुन्हा ओढलं. पुन्हा! तिचे खांदे भरून आले, तोंडात चिखल गेला, डोळ्यांसमोर काजवे चमकले. शेवटी गाळाने मोठा आवाज करून दुसराही पाय सोडला आणि सुयश उताण्या कासवासारखा काठ्यांवर येऊन पडला. एक बूट आतच राहिला.

कितीतरी वेळ दोघं नुसतेच धापा टाकत पडून होते. "आबा म्हणाले उतारानं जा," सुयश रडकुंडीला येऊन म्हणाला, "उतारानंच गेलो की!"

उत्कर्षाने मान वर केली आणि तिला धस्स झालं. पश्चिमेला आभाळ मातकट झालं होतं. वावधान, वळवाचं वादळ, उठत होतं. आणि त्याहून भयंकर म्हणजे, फोन बंद पडलेला बघून काठावरचा म्हातारा निघाला होता! एका हातात काठी, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा. आबा त्यांच्या दिशेने येत नव्हते, पार उजवीकडे एका वठलेल्या चिंचेच्या खोडाकडे चालले होते, आणि असे चालले होते की जणू रोजच्या पायाखालची वाट.

"आबा, थांबा! गाळ हाय!" ती जीव तोडून धावली. मागून सुयश एका बुटाने लंगडत पळाला.

आबा थांबले नाहीत. चिंचेच्या खोडाला हात लावला, देवळाच्या शिखराकडे बघितलं आणि सरळ ओढ्यात पाय घातला. उत्कर्षाने डोळेच मिटले. उघडले तेव्हा आबा ओढ्याच्या मधोमध उभे होते. पाणी गुडघ्यालाही लागत नव्हतं.

"अगं पोरी, हितं! उतार हितं हाय! खाली खडक हाय खडक! बैलगाड्या जायाच्या हितनं!"

उत्कर्षाने कपाळावर हात मारून घेतला. उतार म्हणजे घसरण नव्हेच! ओढा पायी ओलांडायची जागा म्हणजे उतार. लहानपणी आईच्या तोंडून तिने ऐकलंही होतं, ओढ्याला उतार कुठं हाय म्हणून. मग गावोगाव पूल झाले, ओढ्यात पाय घालायची वेळ कुणावर येईना आणि तो अर्थ कानाआड झाला. एका शब्दापायी मित्राचा जीव गेला असता.

तिने पाय घातला. खाली दगड होता, टणक, थंड. तिघं मिळून पलीकडच्या काठावर चढले. तिथे दगडांचे दोन ढिगारे समोरासमोर पडले होते.

"वेस," आबा एवढंच म्हणाले.

देऊळ हाकेच्या अंतरावर उभं होतं. दुरून दिसतं त्यापेक्षा कितीतरी उंच, कितीतरी देखणं! उत्कर्षाचे पाय तिकडे ओढ घेत होते. पण वाऱ्याने धूळ उठवली होती आणि खालच्या अंगाला धरणाच्या पाण्यावर लाटा फुटत होत्या. सुयशचा पाय रक्ताळला होता. पाणी फुगलं तर उतार दिसणारसुद्धा नाही.

"आबा," तिने जड मनाने म्हटलं, "देऊळ आज न्हाय. फिरायला पायजे."

तिला वाटलं, आबा हटून बसतील. पण आबांनी देवळाला तिथूनच हात जोडले. "देवळासाठी कोन आलं हुतं? मला गावात यायचं हुतं, आलो."

तेव्हा तिला सुचलं. तिने फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, आबांच्या तोंडावरून ओवाळून लांब टाकला आणि बाटलीतलं पाणी त्यांच्या गाळाने माखलेल्या पायांवर घातलं. खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाचं करतात तसं. आबा खाली बघत राहिले. मग धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

इतक्यात ओढ्यातून गंगारामची नाव येताना दिसली. वादळ बघून तो जाळी तशीच सोडून नाव हाणत आला होता. "बसा, बसा लवकर!" तो ओरडला. उत्कर्षाने आणि सुयशने एकमेकांकडे बघितलं. आता हे बसणार का?

आबा आपणहून पाण्यात उतरले, गंगारामच्या खांद्याला धरून नावेत चढले आणि ऐटीत बसले.

संकटातही गंगारामला राहवेना. "काय आबा? आज पावनं झालासा का?"

"व्हय तर," मागे सरकत चाललेल्या वेशीवर डोळे ठेवून आबा म्हणाले. "आता वर तुमच्या गावाला निघालोय न्हवं?"