खडकी संपली का?

“खडकी संपली! माझं ऐका, यंदा खडकी संपली!”

कँटीनच्या पडवीतून हे वाक्य आलं आणि हौसाचा चहा बशीत सांडला. बाहेर भाद्रपदातला पाऊस नेटाने पडत होता. पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती, आणि सुट्टीत पुरुषमाणसांना सध्या दुसरा विषयच नव्हता. खडकीचा फुटबॉलचा संघ सलग पाच वर्षं कप घेऊन जात होता, आणि तोही दर वेळी चिंचवडलाच हरवून. आता पंधरवड्याने पुन्हा त्याच दोघांची अंतिम लढत होती, आणि चिंचवडच्या पोरांच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

बोलणारा होता भैरू. चिंचवड गावातला, बॉयलरवर कामाला, उंच, सावळा. सामन्याला गळ्यात हलगी अडकवून रेषेवरून धावणारा तो हाच, एवढं हौसाला माहीत होतं.

“त्यांचा उद्धवराव बगितला का मागल्या सामन्यात?” भैरू हात नाचवत म्हणाला. “गेल्या साली त्याच्या बाजूनं वारं फिरकत नव्हतं. आन् यंदा? वळायला बैलगाडीएवढी जागा लागतीया! मोज्यातनं हिरवं कायतरी डोकावत हुतं, त्ये येगळंच.”

“देवीचा गंडा असंल,” त्याचा दोस्त चिमाजी म्हणाला.

“गंडा बांधायची पाळी आली, म्हंजी संपलंच की राव!”

पडवी हसून हसून लोळली. हौसाच्या मात्र कानशिलांना चटका बसला. कारण उद्धवराव तिचा सख्खा भाऊ होता. वडील गेल्यावर आईला आणि तिला साताऱ्याकडून खडकीला आणणारा, दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणारा, तिचा दादा. इथे पिंपरीत हे नातं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर या लोकांनी तिला एक घास सुखाने गिळू दिला नसता.

आणि ते हिरवं म्हणजे गंडा नव्हता. आईच्या जुन्या लुगड्याची हिरव्या काठाची पट्टी होती ती. उन्हाळ्यापासून दादाचा उजवा गुडघा सुजत होता, आणि ती पट्टी हौसाच बांधून द्यायची. हे घराबाहेर कळलं तर कॅप्टन दादाला घरी बसवणार, आणि चिंचवडवाल्यांना कळलं तर ते नेमके त्या गुडघ्यावरच तुटून पडणार. हे शेवटचं वर्ष खेळायचं आणि मानाने थांबायचं, एवढीच दादाची इच्छा होती.

गप्प बसायचं ठरवून ती पडवीत गेली आणि म्हणाली, “गेल्या वर्षी पण हेच म्हणत होतात ना?”

सगळ्या माना वळल्या. भैरूने तिच्याकडे पाहिलं. डोक्यावर बाटल्या तपासणाऱ्या बायकांची पांढरी टोपी, हातात कलती बशी, आणि डोळे... डोळे चांगलेच तापलेले.

“बाई, तुमी फुटबॉल बगता?”

“बघते. हलगी बडवून गोल होत नाही, एवढं कळतं मला.”

चिमाजीने शिट्टी मारली. भैरू हसला. त्याला राग आला नाही, याचाच हौसाला राग आला.

“मंग पैज लावा,” तो म्हणाला. “खडकी हरली तर हितंच, समद्यांच्या म्होरं म्हणायचं — खडकी संपली.”

“आणि जिंकली तर?”

“तर ही हलगी वरीसभर खुंटीला.”

“बरं होईल. गावाला झोप तरी लागेल,” हौसा म्हणाली, आणि पाठ फिरवून निघाली. पायऱ्या उतरताना आपण हसतोय हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिने घाईघाईने पदर तोंडाशी धरला.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीचं काही खरं राहिलं नाही. भैरू रोज एक नवी खोड काढायचा — “आज खडकीचं काय म्हननं?” — आणि ती रोज एक नवं उत्तर तयार ठेवायची. बाटल्या उजेडासमोर धरून तपासताना तिला काचेत कचरा दिसायच्या ऐवजी उत्तरं सुचायला लागली. शेजारची सोजराबाई जुनी, जाणती. ती एकदा म्हणाली, “पोरी, रोज उठून भांडायला मानूस लागतो तुला. तब्येत बरी हाय न्हवं?”

सामन्याला आठवडा उरला होता. दुपारची उघडीप होती, आणि कँटीनसमोरच्या अंगणात पोरं चेंडू उडवत होती. हौसा पायरीवर येऊन बसली. तेवढ्याने भैरूच्या अंगात आलं. एरवी नुसती हलगी वाजवणारा गडी, पण आज अनवाणी पायाने त्याने असा काही चेंडू मारला की चेंडू राहिला जागच्या जागी आणि भैरू शेवाळावरून थेट तिच्या पायाशी!

“खडकीच्या पाया पडायला एवढी घाई?” ती म्हणाली. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. घोटा मुरगळला होता.

मग तिला सुचलं तेच तिने केलं. पिशवीतून दादासाठी फाडून ठेवलेली लुगड्याची पट्टी काढली, एक गुडघा जमिनीला टेकवला आणि बांधायला लागली. टाचेखालून एक वेढा, वरून तिरका दुसरा. तिची बोटं सरसर चालत होती. भैरू दुखणं विसरून तिच्या वाकलेल्या मानेकडे बघत बसला.

“गाठ भायेरच्या अंगाला का वो?”

“आतल्या बाजूला पळताना टोचते. घोट्याला एवढे वेढे पुरतात. गुडघ्याला मात्र जास्त लागतात, आणि उजवा असेल तर उलटा वेढा घ्यावा लागतो, नाहीतर वळताना...”

ती थांबली.

भैरू पट्टीकडे बघत होता. हिरवा काठ. त्याने तो बोटाने हळूच चाचपला, मग तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतली मस्करी विझली होती.

“उजवा गुडगा,” तो अगदी हळू म्हणाला. “तुमी... उद्धवरावांच्या कोन?”

“बहीण,” ती म्हणाली, आणि उठून जवळजवळ पळतच आत गेली.

दुसऱ्या दिवशी भैरू कँटीनमध्ये आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सोजराबाईकडून कळलं, गड्याने आपण होऊन दुपारची शिफ्ट मागून घेतली. हौसाच्या जिवाला थारा राहिला नाही. घरी भाकरी करपायला लागल्या. कारखान्यात तपासलेल्या बाटल्या ती पुन्हा तपासायला घ्यायची. तोंड चुकवतोय म्हणजे सांगितलंच असणार. नाही, तो तसा नाही. कशावरून नाही? आपली त्याची ओळख काय, तर चार दिवसांची भांडणं! सख्ख्या भावाचं गुपित आपण एका हलगीवाल्यासमोर, घोटा बांधता बांधता, मोकळं करून बसलो... दादाला सांगावं म्हणून ती रोज तोंड उघडायची, आणि दादा रोज “बांध गं घट्ट, हा एकच सामना,” म्हणून हसायचा. तिचं तोंड पुन्हा मिटायचं.

आणि या सगळ्यात तिला भैरूची आठवण येत होती, याची तिला स्वतःचीच चीड येत होती.

शनिवारी चिमाजी कँटीनमध्ये मोठ्याने म्हणाला, “उद्या समदा चेंडू आपल्या सोपानला द्यायचा! डाव्या अंगानं घुसायचं आन् उद्धवरावाची बाजू फोडायची!”

हौसा चहा तसाच टाकून उठली. म्हणजे त्याने सांगितलंच! त्या क्षणी भैरू समोर असता, तर तिने त्याच्या अंगावर चहा ओतला असता, आणि नंतर कोपऱ्यात जाऊन रडली असती.

रविवारी पवनेकाठचं मैदान चिखलाने भरलं होतं. अख्खं चिंचवड छत्र्या, घोंगड्या घेऊन लोटलं होतं. हौसा सोजराबाईला धरून बायकांच्या घोळक्यात उभी राहिली. दादाचा मोजा आज गुडघ्याच्या वरपर्यंत ओढलेला होता. त्याच्या समोर, चिंचवडच्या डाव्या बगलेला, सोपान हरणासारखा उड्या मारत होता.

सोपानची एक गंमत होती, आणि ती सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. त्याच्या शेजारून रेषेवर हलगी कडाडली की त्याच्या पायांत वारं भरायचं. हलगी नसेल तर गडी निम्माच. म्हणून भैरू नेहमी त्याच्या बाजूला उभा राहायचा. गर्दीही हलगीमागे जायची, आणि जिकडे गर्दी ओरडेल तिकडे चिंचवडचा चेंडू जायचा.

शिट्टी झाली. हलगी कडाडली — पण कुठे? हौसाने टाचा उंचावल्या. भैरू मैदानाच्या पार पलीकडच्या रेषेवर, लंगडत लंगडत हलगी वाजवत होता. सोपान इकडे एकटा. गर्दी तिकडे, चेंडू तिकडे, आणि तिकडे खडकीचे ताजेतवाने गडी भिंतीसारखे उभे.

“आरं ए भैऱ्या, येडा झाला का? सोपान हिकडं हाय!” चिमाजी घसा फोडून ओरडला. कोणी शिव्या घातल्या, कोणी चिखलाचा गोळा फेकला. भैरूने मान वर केली नाही.

हौसाला एका क्षणात सगळं कळलं. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं. चिमाजीचं कालचं बोलणं म्हणजे नेहमीची बडबड होती. एका वाक्यासाठी गावाने त्याला डोक्यावर घेतलं असतं, आणि तो तिथे गावाच्या शिव्या खात उभा होता. तिचे डोळे भरून आले. किती वाईट वाटलं तिला, आणि किती बरं वाटलं!

हाफटाइमला गोल एकही नव्हता. दादा गर्दीकडे पाठ करून एका झाडाआड जाऊन बसला. ती धावत गेली आणि सैल झालेली पट्टी सोडून पुन्हा बांधू लागली.

“तो हलगीवाला आज तिकडं का गं मरतोय?” दादाने विचारलं.

आता मात्र तिला ते पेलवेना. पट्टी बांधता बांधता तिने सगळं सांगून टाकलं. पायरी, घोटा, उलटा वेढा, सगळं. “चूक माझी आहे दादा. पण त्याने तुझा गुडघा कोणाला सांगितला नाही.”

दादाने वाकून मोजा घोट्यापर्यंत खाली ओढला. हिरवा काठ सगळ्यांना दिसेल असा.

“म्हणजे मला लंगडा समजून सोडून देतोय तो,” दादा म्हणाला. “पाच वर्षं कोणी मला सोडून दिलं नाही.”

बाजू बदलल्या होत्या. आता सोपान भैरूच्याच रेषेला येणार होता, म्हणून भैरू हलगी घेऊन आता अलीकडच्या रेषेकडे निघाला होता. मैदानाच्या मधोमध दादाने त्याला गाठलं. सगळा गाव बघत होता.

“कुठं निघालास? तुझी जागा तिकडं. वाजव. मन लावून वाजव. हरायचंच असेल तर मी पुरा हरेन, आणि जिंकलो तर पुरा जिंकेन.”

भैरूने हौसाकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि मान हलवली — वाजवा.

मग हलगी अशी काही वाजली की नदीपलीकडची गुरं बुजली. सोपान सुटला. दादाने त्याला अडवलं. पुन्हा सुटला, पुन्हा दादाने चिखलात घसरत चेंडू काढून घेतला. दोन्ही गावं दादाच्या नावाने ओरडायला लागली. हौसा हिरव्या काठाकडे बघत राहिली. शेवटी शेवटी सोपान आत वळला, दादाही वळायला गेला... आणि गुडघा वळला नाही. गोल झाला.

खडकी हरली. खांद्यांवर नाचणाऱ्या सोपानला सोडून भैरू लंगडत आला आणि त्याने चिखलात बसलेल्या दादाला हात दिला. दादा तो हात धरून उठला. दोघं लंगडे एकमेकांच्या आधाराने स्टेशनाकडे निघाले, आणि हौसा हलगी सांभाळत मागून. पुढे ते दोघं काय बोलत होते, ते गर्दीच्या गलक्यात तिला ऐकू आलं नाही.

सोमवारी भैरू सकाळच्या शिफ्टला हजर होता. जेवणाच्या सुट्टीत पडवी खचाखच भरली. पैज सगळ्यांच्या ध्यानात होती. हौसा उठून उभी राहिली.

“मी उद्धवरावांची बहीण आहे,” ती म्हणाली. पडवीत कुजबुज झाली. “कालचा सामना तुम्ही जिंकलात, चोख जिंकलात. पैज मी हरले. खडकी सं—”

“थांबा!” भैरू एकदम उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. “त्येवढं म्हणू नका.”

“का? पैज तर तुमचीच.”

“व्हय, पर...” त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “खडकी संपली, तर मी सासुरवाडीला कुटं जाऊ?”

आधी चिमाजीची शिट्टी आली, आणि मग पडवीत एकच गोंधळ उडाला. हौसाला वाटलं, आपले गाल इतके तापलेत की यावर भाकरी भाजेल.

“आधी दादाला विचारा,” ती कशीबशी म्हणाली.

“काल वाटंवरच इचारलं. म्हणाले, हलगी घेऊन ये.”

“आणि मला?”

भैरूचा आवाज खाली आला. सबंध पडवी श्वास धरून पुढे वाकली. “तुमाला आत्ता इचारतोय, हौसाबाई. आट दिस झोप न्हाई मला. सोपानचा गोल झाला, तवा बी तुमच्याकडंच बगत हुतो.”

तिने बशी खाली ठेवली, पदर सावरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“खडकी संपलेली नाही!”