डाव्या अंगाची ऊब

थंडीत रानात जायचं, हाताने खोपी बांधायची आणि रात्रभर तिच्यात झोपायचं, हा माझा छंद चिखलीत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. माझी बायको प्रतिमा त्याला ‘रानडुकराचं व्रत’ म्हणते. घरात गादी असताना पाचोळ्यात लोळणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं, असा तिचा सवाल असतो. त्यामुळे मागच्या पौषात आमच्या ऑफिसातल्या संघपालने त्याच्या शेतात एक रात्र काढाल का असं विचारलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते कारण ऐकून.

शेत धामणगाव बढ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. संघपालचे वडील पुंजाजी तिथे हरभऱ्याची राखण करत. काही वर्षांपूर्वी पीक हाताशी आलं असताना रात्री गारपीट झाली. ते भिजले, काडीपेटी भिजली, शेकोटी पेटलीच नाही. सकाळी सापडले ते ओल्या घोंगडीत, गुडघे पोटाशी घेऊन. तेव्हापासून हिवाळा लागला की संघपालची आई, जनकाबाई, दिवेलागणीला त्या जागी जाते आणि शेकोटी पेटवून परत येते. आता तिचे गुडघे गेले आहेत. आदल्या हिवाळ्यात ती बांधावरून पडली आणि थंडीत बराच वेळ तशीच पडून होती. पुन्हा अशी पडली तर बापासारखीच जाईल, ही संघपालची धास्ती. समजावून, रागावून झालं. अखेर ती एका अटीवर कबूल झाली. एक दिवस ती शेकोटी पेटवणार नाही. घराबाहेरच्या कोणीतरी तिथे झोपावं आणि तिथे कुणाला थंडी वाजत नाही असं सकाळी तिला सांगावं. मग ती जाणं सोडेल.

“आपल्यात हे काही मानत नाहीत, तुम्हाले माहीत आहे,” जीपमध्ये संघपाल हळू आवाजात म्हणाला. “काही झालं तरी मायले सांगा, काहीच झालं नाही म्हणून.”

जे होईल तेच सांगेन, असं मी म्हणालो. मग तो बाहेर बघत बसला.

जनकाबाईंनी भाकरी, ठेचा आणि पिठलं बांधून दिलं. मुलाच्या चेहऱ्यावरूनच त्यांनी अंदाज घेतला असावा. मला त्या एवढंच म्हणाल्या, “मी भूतबित नाही म्हणत, भाऊ. त्याईले थंडी वाजते, एवढंच म्हणते.”

पुंजाजींच्या राखणीच्या जुन्या खोपीचं आता काही उरलं नव्हतं. होता तो काळा पडलेला जमिनीचा तुकडा, बाईंच्या शेकोटीचा. मी त्याच्या शेजारीच जागा निवडली. दोन बेचक्या रोवल्या, त्यांवर आडवं लाकूड टाकलं, दोन्ही बाजूंनी तुराट्या टेकवल्या आणि वर पळसाची पानं आणि वाळलं गवत हातभर जाडीचं रचलं. खोपी लहान हवी. ती स्वतः ऊब देत नाही, माणसाचीच ऊब धरून ठेवते. मोठी बांधली की ऊब सांडून जाते. मी बांधली ती एका माणसापुरती, कूस बदलली तर खांदा घासेल एवढी.

खोपी उभी करण्याआधीच झोपण्याच्या जागी उथळ चर खणून त्यात विस्तव केला होता. निखारे झाले तेव्हा ते सारखे पसरले, वीतभर कोरडी माती टाकली, वाफ निघून जाऊ दिली आणि वर पाचोळा अंथरला. अशी जमीन पहाटेपर्यंत तापलेली राहते. हे करताना सहज मनात आलं की उघड्यावरच्या शेकोटीने समोरून भाजतं, पाठ मात्र गारच राहते. बाईंनी इतके हिवाळे जी शेकोटी पेटवली, तिची ऊब कुणाला पुरली असेल?

अंधार पडल्यावर दूर कुठेतरी कोल्हे ओरडले. मग तेही थांबले. पाठीखालची जमीन मायेने तापली होती. मला झोप लागली.

जाग आली ती डाव्या अंगाला गार लागलं म्हणून. उजवीकडे ऊब तशीच होती. निखारे विझतात तेव्हा जमीन सगळीकडून हळूहळू निवते, अशी अर्धी नाही. मी हात लावून पाहिला. पाचोळा दमट होता. आणि वास येत होता... भिजलेल्या घोंगडीचा. त्या दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

मग दाराशी पाचोळा दबला. कुणीतरी गुडघे टेकून आत येताना दबतो, तसा. मी श्वास रोखून पडलो होतो. जवळच, अगदी कानाजवळ, दातांवर दात वाजत होते...

पळावं असं वाटलं. पण दार त्याच बाजूला होतं. आणि खरं सांगायचं तर, तो आवाज ऐकून भीतीच्या आधी मला लाज वाटली. मी एकट्यापुरती खोपी बांधली होती. मी उजवीकडच्या तुराट्यांना पाठ लावली, जेवढं सरकता येईल तेवढं सरकलो.

“या...” मी म्हणालो. “आत या.”

दात वाजायचे थांबले. बऱ्याच वेळाने डाव्या खांद्याला कुणाची तरी पाठ लागल्यासारखं वाटलं. गार, ओली, पण आता न थरथरणारी.

उजाडलं तेव्हा मी एकटा होतो. चराची माती उकरली. उजवीकडची राख कोरडी आणि कोमट होती. डावीकडे निखारे नव्हतेच, काळा चिखल होता.

संघपालच्या घरी आलो तेव्हा जनकाबाई अंगणात काटक्यांची मोळी बांधत होत्या. संघपाल माझ्याकडे रोखून बघत होता. मी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. संघपालने मान फिरवली. बाईंनी फक्त एकच विचारलं.

“तुम्ही सरकले?”

“हो. सरकलो.”

त्यांनी मोळी सोडली आणि काटक्या चुलीशी नेऊन ठेवल्या. “मंग झालं,” म्हणाल्या. त्यानंतर त्या शेताकडे गेल्या नाहीत. संघपाल आधी माझ्यावर चिडून होता. पुढे त्याने ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले, कशाचे ते मात्र सांगितलं नाही.

वैशाखात मी गच्चीवर झोपतो. चिखलीत त्या दिवसांत रात्रीही भिंती तापलेल्या असतात, चादर अंगावर सहन होत नाही. एका सकाळी गादी गुंडाळताना प्रतिमा म्हणाली, “पाणी सांडलंत का हो? ही डावीकडची बाजू रोज ओली असते.”

तांब्या उजवीकडे होता. भरलेला.

परवा संघपालच्या फोनवरून जनकाबाई बोलल्या. तब्येत, ऊन, प्रतिमाची चौकशी, सगळं झालं. मी फोन ठेवणार तेवढ्यात त्यांचा आवाज खाली आला.

“भाऊ... पुढं हिवाळा येईन. एक पांघरूण जास्तीचं ठेवजा.”