घरचा लेखनिक

दुपारी बारा वाजता कुलगुरूंनी शेषारत्नमच्या खांद्यावर शाल घातली आणि सभागृहात टाळ्या वाजल्या.

शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तो नाकातून घशात उतरला आणि गौतमी विद्यापीठाच्या त्या व्यासपीठावर, समोर तपासणी समितीची मोठमोठी माणसे बसलेली असताना, रत्नमला तो सहन होईना. तिने हात जोडले, मान लववली आणि खुर्चीत परत बसून पदराचे टोक ओठांवर दाबून धरले. पुढच्या रांगेतल्या बाईंना वाटले, तिला रडू आवरत नाहीये... त्यांनीही मग रुमाल काढला.

ध्वनिक्षेपकासमोर भानुमूर्ती उभा होता. तिचा धाकटा भाऊ, जन्मांध, याच विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक आणि दिव्यांग साहाय्य केंद्राचा प्रमुख.

"मी बी.ए.ला आलो तेव्हा अक्का बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती," तो सांगत होता. "परीक्षेत मी तोंडी सांगायचं आणि लेखनिकाने उत्तर लिहायचं. पण नियम असा, की लेखनिक माझ्यापेक्षा कमी शिकलेला हवा. अक्का पदवीधर झाली असती तर माझ्यासाठी बाद झाली असती. म्हणून तिने शेवटची परीक्षा दिलीच नाही. कुणाला एका शब्दाने बोलली नाही. आज आमच्या केंद्राचं धोरण तिच्यावरूनच घेतलंय. घरचा लेखनिक, घरचा आधार."

"आणि विद्यापीठावर कसलाही बोजा नाही," कुलगुरूंनी बसल्या जागेवरून भर घातली. लोक हसले.

कुणाला बोलली नाही हे खरे होते. पण ती बोलली नाही, कारण अम्मा बोलू देत नव्हती. "तुला डोळे आहेत, त्याला नाहीत," एवढे एकच वाक्य अम्मापाशी होते, आणि त्या वाक्यापुढे रत्नमची पुस्तके, तिला आलेली अमलापुरमच्या शिक्षकाची सोयरीक, तिची नोकरीची स्वप्ने एकामागून एक गप्प बसत गेली होती. पुढे भानूच्या एम.ए.च्या प्रत्येक पेपरला ती त्याच्या शेजारी बसली. कित्येकदा तो सांगत असलेले उत्तर चुकते आहे हे तिला कळायचे, बरोबर उत्तर जिभेच्या टोकावर यायचे, आणि ती ओठ मिटून तो सांगेल तेच लिहायची. लेखनिकाने बोलायचे नसते. त्याला सुवर्णपदक मिळाले तेव्हा सगळे पेपर तिच्या अक्षरात होते.

सत्कारानंतर समितीला केंद्र दाखवायला नेले. रत्नमलाही सोबत घेतले, शालीसकट. दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधलेली होती. तिचा पिवळा रंग अजून चपलांना चिकटत होता, आणि वर चढून गेले की दारापुढे वीतभर उंचीची पायरी होती. आधाराचा कठडा बसवलेल्या संडासाला कुलूप होते. खिडकीच्या फटीतून आत झेंडूच्या माळा, मोडकी बाके आणि निवडणुकीच्या पेट्या दिसत होत्या. ब्रेल छापण्याच्या यंत्रावरचे प्लास्टिक कुणी काढलेलेच नव्हते, नुसते पुसून चकचकीत केले होते. त्याच्याशेजारी भानूचे छायाचित्र घेतले गेले. तो हसत होता. आपण कशाशेजारी उभे आहोत हे त्याला दिसत नव्हते, पण माहीत नव्हते असे थोडेच होते? रत्नमला त्या हसण्याची शिसारी आली, आणि मग सकाळी त्याचा सदरा इस्त्री करून देणाऱ्या आपल्या हातांचीही.

जेवणात चिंचेचा भात म्हणजे पुळिहोरा, गोंगुऱ्याची म्हणजे अंबाडीची चटणी आणि पुरणपोळीसारखे बोब्बट्लू होते. परीक्षा विभागाचे सोमयाजुलू, ज्यांना सगळे आदराने 'गारू' म्हणत, पत्रावळ घेऊन तिच्या शेजारी टेकले. निवृत्तीला आलेला माणूस, तोंडाचा फटकळ.

"काय रत्नम्मा, आज शाल आणि उद्या बी.ए.चा पेपर? बाहेरून बसणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव पाहिलं मी. छान केलंत. पण एवढं थांबायचं काय नडलं होतं?"

"भानूला सांगू नका अजून. पास झाले तर मीच सांगेन," ती म्हणाली. "आणि थांबायचं काय म्हणता? नियमच होता ना तसा."

"तो बी.ए.पुरता हो. एम.ए.ला पदवीधर लेखनिक चालतो. मी तेव्हाच म्हटलं होतं भानूला, बाबा रे, आता अक्काला तिची परीक्षा देऊ दे, तुला एम.ए.ला दुसरं कोणीतरी मी मिळवून देतो. तो म्हणाला, सांगतो तिला." सोमयाजुलूंनी बोब्बट्लूचा तुकडा मोडला. "सांगितलं नाही त्याने?"

रत्नमने चटणीत भिजलेली बोटे तशीच पत्रावळीवर ठेवली. तो आंबट वास एकदम असह्य झाला. "मीच विसरले असेन," ती म्हणाली आणि उठली.

समितीच्या गाड्या गेल्यावर ती केंद्रात गेली. भानू एकटाच खुर्चीत मागे रेलून बसला होता.

"अक्का? पावलांवरून ओळखलं. कसा झाला कार्यक्रम?"

"सोमयाजुलू गारूंनी तुला एम.ए.च्या वेळी काय सांगितलं होतं?"

तो सरळ बसला.

"आपल्या दोघांच्या परीक्षा एकाच दिवसांत यायच्या," तो हळूहळू बोलू लागला. "तू तुझ्या पेपरला गेली असतीस तर माझ्या शेजारी कोण परकं माणूस बसलं असतं... ते काय लिहितंय, मला काय कळणार होतं? तुझ्या पेनाचा आवाजसुद्धा मला ओळखीचा होता. मला भीती वाटली, अक्का. म्हटलं एवढं वर्ष जाऊ दे, मग सांगू. मग दुसरं वर्ष आलं. मग सांगायचं तोंडच राहिलं नाही."

"आणि आज ते सगळं माझ्या नावावर खपवलंस. मी दिलं म्हणालास. मी दिलं नाही, भानू. तू घेतलंस."

"घेतलं," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला. त्याने काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला, चाचपडत खाली वाकला आणि तिची पावले शोधू लागला. "मी नीच आहे, अक्का. शाल घालताना तुझा श्वास ऐकला मी... मला मार, बोल, काहीही कर..."

ती त्याच्या वाकलेल्या मानेकडे पाहत राहिली. याच मानेला तिने तेल लावले होते, हाच हात धरून त्याला शाळेत पोचवले होते. संताप होता, किळस होती, आणि त्या दोन्हींच्या तळाशी अजून न आटलेली ती वेडी माया... तिचा हात त्याच्या डोक्याकडे गेला.

दारात पावले वाजली.

नागवेणी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, भानूसारखीच दृष्टिहीन. तिचे कोपर धरून तिची धाकटी बहीण लावण्या उभी होती. भानू घाईने उठून खुर्चीत बसला.

"सर, उद्या दहाला लेखनिकानं कुठल्या दालनात यायचं?" लावण्याने विचारले.

"तीन नंबर. तू बसणार ना? शाब्बास गं."

"तू काय शिकतेस?" रत्नमने विचारले.

"पहिल्या वर्षाला आहे, अक्का. बी.ए.च."

"मग उद्या दहाला तुझा पेपर नाही?"

लावण्या हसली. लाजल्यासारखे, थोडे अभिमानानेही. "माझं काय, मी पुढच्या वर्षी देईन. आज तुमच्याबद्दल ऐकून तर ठरवूनच टाकलंय."

रत्नमला वाटले, कुणीतरी आपल्या तोंडावर थुंकले.

"मी नको म्हणतेय तिला," नागवेणी कोरड्या आवाजात म्हणाली. "सर, लेखनिक द्या म्हणून मी संक्रांतीपासून तुमच्या मागे आहे. तुम्ही म्हणालात, घरचं कुणी असेल तर बरं. म्हणजे हिनं माझ्यासाठी वर्ष घालवायचं आणि मी जन्मभर हिच्यासमोर मान खाली घालून बसायचं. मला नको ते."

"असं बोलू नये, बहीण आहे ती तुझी," भानू म्हणाला. मग त्याचा चेहरा एकाएकी उजळला. "अगं, अक्का आहे की! अक्का, तूच बस ना हिच्या शेजारी. तू अजून बारावीच पास आहेस, नियमात चोख बसतेस. एवढा एकच दिवस."

रत्नमने मघाशी त्याच्याकडे नेलेला हात मागे घेतला होता. खरे तर हेच शब्द तिच्याही ओठांवर आले होते, 'मी बसते' म्हणून. इतक्या वर्षांची सवय. पण ते त्याच्या तोंडून ऐकले, ओल्या डोळ्यांच्या, अजून गालही न पुसलेल्या त्याच्या तोंडून, आणि तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसले की आपण ज्या सवयीला माया म्हणत आलो तीही कुठेतरी सडलेली आहे.

"उद्या दहाला माझा पेपर आहे," ती म्हणाली. "बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा, तेव्हा राहिलेला."

भानूचे तोंड उघडे राहिले. "मला कुठे..."

"तुला कशाला सांगू? सायन्सच्या पोरांची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. पहिल्या वर्षाची पोरं वसतिगृहांत रिकामी बसलीत. जा, दारं ठोठाव. आजवर परक्याची भीती तुला होती. ती भीती तू मला विकलीस, आता या पोरींना विकतोयस."

"अक्का, आता संध्याकाळ होईल... कुणी नाही म्हणालं तर?"

"तर दुसरं दार."

तिने खांद्यावरची शाल काढली, घडी न घालता त्या झाकलेल्या यंत्रावर टाकली आणि लावण्याकडे वळली. "उद्या तुझ्या दालनात जाऊन बसायचं. बहिणीकडे बघायचं नाही."

"पण लेखनिक मिळाला नाही तर हिचं वर्ष..."

"ते यांनी बघायचं. पगार त्याच कामाचा मिळतो."

त्यानंतर भानू काठी घेऊन निघाला. सोबत येऊ का, असे रत्नमने विचारले नाही, आणि त्यानेही म्हटले नाही. दिवेलागणीला त्याचा फोन आला. दम लागला होता, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. "एकजण हो म्हणाला होता, त्याच्या मित्रांनी चिडवल्यावर फिरला. अजून दोन वसतिगृहं राहिलीत. तू वाचत बस, अक्का. जेवणाला थांबू नकोस." त्याने फोन मात्र ठेवला नाही. "माफ कर असं आता म्हणत नाही," तो म्हणाला. तिने 'बरं' एवढेच म्हटले. ते 'बरं' कशाला होते, हे तिचे तिलाही कळले नाही.

सकाळी तिने उठून पाहिले तेव्हा तो घरात नव्हता. त्याच्या अंथरुणाची घडी मोडलेली नव्हती.

परीक्षेला जाताना ती तीन नंबरच्या दालनावरून गेली. नागवेणी आपल्या जागी ताठ बसली होती, हात मांडीवर. लावण्या आपल्या दालनाच्या उंबरठ्यावर घुटमळत होती. रत्नमने तिच्या पाठीला हात लावून तिला आत ढकलले आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. त्याआधी दाराबाहेरून भानूला केलेला फोन लागला नव्हता.

दहाला घंटा झाली. प्रश्नपत्रिका वाटायला सुरुवात झाली तेव्हा दारातून दिसणाऱ्या समोरच्या तीन नंबरच्या दालनात नागवेणीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.