परत आलेले दगड

वस्तू चोरीला गेली म्हणून लोक टिपकागदांकडे येत. वस्तू परत आली म्हणून डोळे पुसत आलेली ही पहिलीच बाई.

टिपकागद हे अर्थातच टोपणनाव. समोरच्याच्या तोंडून जे काही सांडेल ते हा खासगी शोधक आवाज न करता टिपून घेतो, म्हणून कुणीतरी ठेवलेलं. शेजारच्या खुर्चीत त्यांचा मेहुणा बसला होता. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायची आणि तरीही चूक राहिलीच असेल म्हणून झुरत बसायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

“माझे दगड परत आलेत,” बाई म्हणाली.

आपण चुकीचं ऐकलं असणार, असं मेहुण्याला वाटलं. “दगड?”

“नदीतले. पुरात वाहून गेलेले.”

“चालत आले की काय?” तो बोलून गेला आणि लगेच त्यानं जीभ चावली.

टिपकागद मात्र हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि सुरुवातीपासून सांगायला सांगितलं.

बाई इंजिनियर होती. नद्या आणि पूल हा तिचा विषय. पूर आला की पाणी खांबाच्या पायाशी भोवरे करतं, तिथली खडी उकरून नेतं, पाया उघडा पडतो आणि एक दिवस खांबच खचतो. त्यावर तिनं साधा उपाय शोधला होता. खांबाच्या वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला, नदीच्या तळात मोठ्या दगडांच्या तिरप्या, बुटक्या ओळी रचायच्या, म्हणजे पाण्याचा जोर आधीच मोडतो. शहरातल्या जुन्या पुलाच्या पहिल्या खांबाला तिनं अशा ओळी केल्या. दुसरा मुद्दाम तसाच ठेवला. मग दोन्ही खांबांच्या पायथ्याशी हातात मावतील असे रंगवलेले दगड मांडले आणि प्रत्येकावर आकडे घातले: कुठला खांब, कितवी ओळ, ओळीतला कितवा. पूर ओसरला की बघायचं, कुणाचे टिकले आणि कुणाचे किती लांब गेले.

“पुरानंतर बरेचसे दगड वाळूत गाडले जातात, उरलेले कसेही पालथे पडतात,” ती म्हणाली. “म्हणून प्रत्येकाच्या पोटात एक चिप आहे. मशीन वरून फिरवलं की ते दगडाचा आकडा सांगतं.”

यंदाचा पूर मोठा होता. पाणी जरा उतरताच ती एकटीच नदीत शिरली. पहिल्या खांबाचे दगड जागच्या जागी होते, दुसऱ्याचा पायथा साफ धुतलेला. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. त्या आनंदात पाय घसरला, काढलेल्या फोटोंसकट फोन पाण्यात गेला आणि ती घरी आली ती तापच घेऊन. सासऱ्यांना एवढंच सांगितलं की दुसऱ्या खांबाचे सगळे दगड गेले, आणि आनंदानं तिला रडू कोसळलं. पुढचे काही दिवस अंथरुणातच गेले. मधल्या काळात नदी आटली. ती उठली तेव्हा तिच्या सहकाऱ्यानं मशीन नेऊन मोजणी केली होती, आणि दुसऱ्या खांबाचे दगड, चार सोडून, सगळे जागेवर होते.

“म्हणजे माझा उपाय केला काय, न केला काय, सारखंच. किंवा मी जे पाहिलं म्हणते ते खोटं. ऑफिसात हे दुसरंच कुजबुजतायत.” ती पेल्याकडे बघत राहिली. “परवा समिती बसणार आहे. माझा उपाय नाकारला तर पूल दोन वर्षं बंद ठेवून खांबांना काँक्रीटचं जाड आवरण घालतील. आणि मला यापुढे कुणी नदीकाठी उभंसुद्धा करणार नाही.”

दगडाखाली हात सापडणं म्हणजे काय, हे मेहुण्याला त्या दिवशी नीट कळलं.

ते तिघं नदीवर गेले तेव्हा ऊन चढलं होतं. दुसऱ्या खांबापाशी पाणी घोट्याएवढंच उरलं होतं. सहकारी तिथेच उभा होता. पोरगेलासा, चष्मा सारखा वर ढकलणारा. संगणकावर पूर आणायचा आणि तोच उतरवायचा, हे त्याचं काम. यंदा त्याच्या संगणकानं सांगितलं होतं की दोन्ही खांबांचे दगड टिकतील.

“म्हणजे तुमचं बरोबर आलं,” टिपकागद म्हणाले.

“आलं खरं,” तो म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मोजणी इतकी सोपी कधीच गेली नव्हती, असंही त्यानं सांगितलं. एरवी मशीन घेऊन दिवसभर वाळू धुंडाळावी लागते. या वेळी आकडे वरूनच दिसत होते. मशीन चालू करायचं ते निव्वळ नियम म्हणून.

टिपकागदांनी वाकून एका दगडावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. मेहुण्यानंही बघितलं. बोट स्वच्छ होतं. त्यात बघण्यासारखं काय, हे त्याला उमगलं नाही.

काँक्रीटच्या कामावर डोळा असलेला ठेकेदार पुलावर मापं घेत होता. आवाज असा, की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. दगड तुम्ही हलवलेत का, हे टिपकागदांनी सरळच विचारलं, तेव्हा त्याला हसू आवरेना.

“साहेब, मी दगड हलवतो तो क्रेननं. हातानं एक उचलला तर कंबर महिनाभर शिव्या देईल.” मग त्यानं खाली बघत विचारलं, “पण ते आकडे कसले हो? लॉटरीबिटरी आहे का?”

टिपकागद नंतर प्रवाहाच्या दिशेनं बरंच खाली गेले. तिथे खडीचा लांबलचक पट्टा उघडा पडला होता. मागून येणारा मेहुणा कशाला तरी अडखळून पडता पडता वाचला. खडीत रोवलेली बांबूची चपटी पट्टी होती ती, वीतभर वर आलेली. पुढे आणखी एक होती, मग आणखी. पट्ट्यांमध्ये ना ओळ होती ना सारखं अंतर.

“कुणीतरी रोपांना आधार लावलेला दिसतोय,” मेहुणा गुडघा चोळत म्हणाला.

“रोपं कुठे आहेत?” टिपकागदांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते मागे वळले.

दुपारी ते बाईच्या घरी गेले. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात ती आणि सासरे एवढेच. सासरे ग्रंथालयातून निवृत्त झालेले. बारीक, वाकलेले, पाहुण्यांच्या नजरेला नजर न देणारे गृहस्थ. सुनेला औषध वेळेवर मिळालं ते यांच्यामुळे, पण दोघांत दिवसाकाठी चार वाक्यं झाली तरी पुष्कळ, असं बाईनं वाटेत सांगितलं होतं. सासरे गुडघ्यानं अधू. गॅलरीपलीकडे फारसे जात नसत.

गॅलरीत कॅनव्हासचे जुने बूट वाळत होते. आत वर्तमानपत्राचे बोळे नीट कोंबलेले. शेजारी एक झिजलेला ब्रश.

मेहुण्याची नजर मात्र पुस्तकांवर होती. तीन भिंतींना कपाटं, प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर आकडा. घरात पुस्तकांना आकडे घालणारा माणूस त्याला एकदम आपलासा वाटला. त्यानं भीत भीत एक जुनं प्रवासवर्णन मागितलं. सासऱ्यांनी ते काढून दिलं, टेबलावरच्या गठ्ठ्यातली एक पातळ पट्टी घेतली, तिच्या एका टोकाला पेन्सिलीनं आकडा लिहिला आणि ती रिकाम्या जागी खोचली, आकड्याचं टोक आत करून.

“आकडा आत कशाला?” मेहुण्यानं विचारलं.

“बाहेर राहिला तर पुसतो,” सासरे हळूच म्हणाले. “वस्तू उचलली की तिच्या जागी खूण हवी. नाहीतर नंतर काही कळत नाही.”

टिपकागदांनी क्षणभर डोळे मिटले. मग बाईला म्हणाले, की सहकाऱ्याला संध्याकाळी इथेच बोलवा.

संध्याकाळी चौघं टेबलाभोवती बसले. सासरे दाराशी उभेच राहिले. टिपकागद बसा म्हणाले तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले.

“पहिली गोष्ट,” टिपकागद म्हणाले. “बाई खोटं बोललेल्या नाहीत. दगड वाहून गेले होते आणि कुणीतरी हातानं परत ठेवले. एकूण एक दगडाचा आकडा वर होता. पुराला अंक वाचता येत नाहीत.”

सहकाऱ्यानं कपाळावर हात मारला. “मी ते पाहिलं आणि मोजणी सोपी गेली म्हणून खूश झालो.”

“म्हणूनच ते काम तुमचं नाही. तुम्हाला फसवायचंच असतं तर निम्मे दगड पालथे करून वाळूत पुरले असते. पूर काय करतो हे तुम्हाला ठाऊक आहे. ठेवणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं.”

“मग ठेकेदार,” मेहुणा म्हणाला.

“त्याला ते आकडे लॉटरीचे वाटले. आणि इथे प्रत्येक दगड आपापल्या ओळीत, आपापल्या जागी होता. ठेवणाऱ्याला आकड्याची भाषा पाठ होती. शिवाय दगड घासून धुतलेले. पुरानंतर महिनाभर गाळ निघत नाही, माझ्या बोटाला कणही लागला नाही. शत्रू दगड फेकतो, मेहुणेबुवा. धूत बसत नाही.”

टिपकागदांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

“आम्ही नदीभर फिरलो, आणि ज्याला शोधत होतो त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्याला नदीतलं काही कळत नाही, पण आकडा घातलेली वस्तू भलतीकडे पडलेली ज्याला बघवत नाही, आणि ज्याचा या बाईंवर फार जीव आहे, असा माणूस शोधायचा होता.” टिपकागदांचा आवाज मऊ झाला. “बूट वाळले का, काका?”

सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले, पुन्हा बसले.

“तापात ही सारखी म्हणत होती, माझे दगड, माझे दगड,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “मला वाटलं, पोरीची मेहनत गेली. मला दुसरं काय येतं? जन्मभर तेच केलं. इकडेतिकडे गेलेलं जागेवर नेऊन ठेवलं. हिनं दगडांवर आकडे घातले ते माझ्यादेखत. ही झोपली की रोज पिशवी घेऊन जायचो, वाळू उकरून दगड शोधायचो.”

“मला सांगितलं का नाहीत?” बाईनं विचारलं.

“चार राहिले होते ना. काम पुरं झाल्याशिवाय कसं सांगायचं?” मग त्यांना सगळं लक्षात आलं असावं. “म्हणजे तुझं काम मीच बुडवलं.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. आता ही चिडेल, असं मेहुण्याला वाटलं, आणि त्यानं मान खाली घातली.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या गुडघ्यानं तुम्ही नदीत उतरलात?”

सहकारी चष्मा पुसत होता. दगड कुणी ठेवले ते कळलं, पण कुठून उचलले ते आता कोण सांगणार, असं तो पुटपुटला. समितीपुढे म्हाताऱ्या माणसाची आठवण चालणार नव्हती. जागा लागणार होत्या, मोजलेल्या.

“मेहुणेबुवा,” टिपकागद म्हणाले, “सकाळी तुम्ही कशाला अडखळलात?”

मेहुणा नेहमीसारखा गोंधळला. खडी, पट्टी, रोपं नसलेला आधार. मग त्याची नजर कपाटाकडे गेली. प्रवासवर्णनाच्या जागी खोचलेली पातळ पट्टी तिथे होती. त्यानं ती दोनदा वाचावी तशी बघितली.

“वस्तू उचलली की तिच्या जागी खूण,” तो सावकाश म्हणाला. “भाऊजी, आकडा आत असेल. खडीत रोवलेल्या टोकाला.”

“मी सांगणार होतो तेच,” टिपकागद म्हणाले, “पण तुम्ही जास्त चांगलं सांगितलंत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खडीच्या पट्ट्यावर होते. सहकाऱ्यानं पहिली पट्टी उपसली. मातीनं माखलेल्या टोकाशी, बारीक वळणदार अक्षरात, आकडा शाबूत होता. तो प्रत्येक जागा मशीननं टिपत गेला आणि पट्टा संपता संपता हसायला लागला.

“माझा संगणक सपशेल नापास,” तो म्हणाला. “बाई, तुमचा दुसरा खांब पुरानं पुरता नागवला होता. समितीला मीच सांगतो, चूक माझी होती म्हणून.”

सासरे बाजूला उभे होते, हात पाठीमागे घट्ट बांधून. पुन्हा काही उचललं जाईल या भीतीनं. बाईनं त्यांचा एक हात सोडवला आणि त्यात शोधायचं मशीन दिलं. ते खडीवरून सावकाश चालू लागले. बऱ्याच खाली, नदी वळते तिथे, मशीन टिटवीसारखं ओरडलं. वर नुसती वाळू होती.

राहिलेल्या चारांतला पहिला.

सासरे वाकले, आणि मध्येच थांबले. त्यांनी सुनेकडे बघितलं.

“याची जागा कुठली?”

“आता हीच,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, खिशातून एक कोरी पट्टी काढली आणि पेन्सिल शोधू लागले. पेन्सिल मेहुण्याकडे होती.